चौदा इंच मान

"मान सरळ. श्वास सोड. हलू नकोस!" शिवणकाम करणाऱ्या मास्तरीणबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगायच्या.

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात असते ना, ती. माझे सुरुवातीचे आकडे पुसट झालेत. सतरा वर्षं लोकांचे दंड, कंबरा मोजून आता थकले. "यांची टेप कधी चुकत नाही," असं सगळे म्हणायचे. त्या कौतुकानेच घात केला.

बाईंची मुलगी शेजारी बसून काजं करते. तिच्या मानेला गाठी आल्या. दुखत नव्हत्या, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. बाईंनी उंच कॉलरचे कुडते शिवून दिले. गाठी कॉलरलाही जुमानेनात, तेव्हा दोघी दवाखान्यात गेल्या. सुई घालून तपासलं. टीबी निघाला.

"खोकला नाही, ठसका नाही, आणि टीबी कसला?" बाई म्हणाल्या.

"मानेतल्या गाठींनाही होतो, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "सहा महिने रोज गोळ्या. नेम समजा. मोडायचा नाही."

बाई दर शनिवारी मला लेकीच्या मानेभोवती गुंडाळत. आधी साडेतेरा भरली. दीड महिन्याने चौदा.

"अगं, गोळ्या खाऊन गाठ वाढतेय! बंद कर ते."

"आई, पण सिस्टर..."

"टेप खोटं बोलेल का?"

मी खोटं बोलले नव्हते, हेच माझं दुःख. गोळ्या बंद झाल्या. गोळ्यांनी थांबलेला संध्याकाळचा ताप परत आला. पोर मशीनवर डोकं टेकून बसायची आणि मी खिळ्याला लटकून बघायची.

गोळ्या न्यायला कोणी येईना, म्हणून दहाव्या दिवशी सिस्टर स्वतःच दारात उभ्या. बाईंनी मला पुरावा म्हणून पुढे धरलं.

"मावशी, औषध लागू पडत असतानाही गाठ कधीकधी आधी फुगते. शंका आली तर आम्हाला विचारायचं. या बापड्या टेपला काय कळतंय?" मग त्या मुलीकडे वळल्या. "उद्या येशील? डॉक्टरांना दाखवू, पुढचं ते सांगतील."

"येते."

"नक्की?"

"नक्की."

मित्रांनो, मला आकडा कळतो, कारण कळत नाही. अंगावर गाठ दिसली तर झाकू नका, आणि घेतलेलं औषध आपल्या मनाने सोडू नका. एवढंच मागणं आहे.

सकाळी बाई मशीनला तेल घालत होत्या. "मी येऊ का गं सोबत?"

"नको. जाते मी."

पोरीने पायात चपला सरकवल्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन दमली, भिंतीला हात टेकून थोडी थांबली आणि दवाखान्याच्या दिशेने हळूहळू चालू लागली.