सात नंबरची सहल

"सात नंबर," एर्मिनिया म्हणाली आणि यादीवर ठेवलेलं बोट तिने उचललंच नाही.

"चार," शेजारून दोनातो म्हणाला. "दोन तिकिटं द्या, चार नंबरची."

काउंटरपलीकडची मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव होतं, मारिसेल. ती फिलिपिन्सची होती आणि इटालियन भाषा जहाजावरच शिकली होती. बंदरं आली की सहली विकायच्या हे तिचं काम, त्यामुळे कुठे उतरायचं यावरून जुंपलेली नवरा-बायको तिला नवी नव्हती. अशा वेळी ज्याचा आवाज मोठा त्याची बाजू घ्यायची, हे ती इटालियनच्या आधी शिकली असावी.

"चार छानच आहे," ती म्हणाली. "मेंढपाळाच्या घरी जेवण. चीज, भाजलेलं डुक्कर, वाईन पाहिजे तेवढी. चालायचं तर नाहीच. बघा, एकच बूट."

यादीत प्रत्येक सहलीपुढे बुटांची चित्रं होती. एक बूट म्हणजे बसून खायचं, तीन बूट म्हणजे डोंगर चढायचा. सातपुढे दोन होते.

"माझा गुडघा," दोनातो म्हणाला.

कालच मार्सेयला हाच गुडघा फुटबॉलच्या स्टेडियमला बाहेरून एक आख्खी प्रदक्षिणा घालून आला होता. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायची एर्मिनियाला सवय नव्हती. तिने बोट उचललं आणि छापखान्यातून निघाल्यासारखी दोन पिवळी तिकिटं बाहेर आली.

सातपुढे छापलेलं होतं: 'सेर्राल्ता बेट. जुना तुरुंग, कैद्यांचा द्राक्षमळा, कोठडीत बंद होण्याचा अनुभव. साडेचार तास.' त्या बेटावर एर्मिनियाने अकरा वर्षं काढली होती, तेव्हा बंद होण्याच्या अनुभवासाठी तिला तिकीट काढायची गरज नव्हती. दोनातो तिथे पहारेकरी होता. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत ती दोन ट्रंका घेऊन त्या धक्क्यावर उतरली होती. आठवड्याला एक बोट, एक दुकान, बायका मोजून नऊ. कैद्यांना निदान आपली शिक्षा किती वर्षांची ते माहीत असायचं. आणि तुरुंगाच्या संचालकाच्या बंगल्यामागे, पहारेकऱ्यांसाठी राखलेल्या छोट्या दफनभूमीत, तिची नोएमी होती. वय वर्षं तीन. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली.

बदली झाली तसे ते उत्तरेला आलेस्सान्द्रियाला गेले. दोनातो तिथल्या तुरुंगातून निवृत्त झाला. एर्मिनियाने शाळेच्या स्वयंपाकघरात तेवीस वर्षं दीडशे पोरांना जेवू घातलं. सेर्राल्ताचा तुरुंग बंद पडला, मग बेटच बंद झालं, मग तिथे पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं. आता ठरलेल्या सहलीबरोबर गेलं तरच पाय ठेवता येतो, आपलं आपण जायची सोय नाही. "जाऊ एकदा," असं दोनातो दरवर्षी म्हणायचा. असं म्हणायला काही तिकीट लागत नाही.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलीने, ओर्नेल्लाने, हा आठ दिवसांचा जहाजप्रवास भेट दिला होता. खोली आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. "स्वस्त पडते, मम्मा. आणि तुम्ही खोलीत बसणार थोडेच?" ओर्नेल्ला मागाहून जन्मलेली. बहीण म्हणजे तिच्यासाठी कपाटावरचा एक फोटो. जहाज ओल्बिया बंदरात थांबतं आणि तिथून सेर्राल्ताला बोट जाते, हे तिच्या ध्यानातही आलं नसणार. एर्मिनियाच्या आलं होतं. तिने घरूनच सामानात एक मेणबत्ती आणि खराट्यासारखा कडक ब्रश घेतला होता. दगडावर शेवाळ धरतं.

रात्रीच्या जेवणाला टेबलावर बेर्गामोच्या सिन्योरा बोनेत्ती असायच्या. जन्मभर शिवणाचं दुकान चालवलं, नवरा गेल्यावर विकलं आणि आता त्या पैशांवर समुद्रात फिरत होत्या. तोंडाला सुट्टी ती फक्त घास घेण्यापुरती.

"मी तर बाई तुरुंगात चाललेय उद्या," त्या म्हणाल्या. "खरंखुरं दार लावून घेतात म्हणे, मिनिटभर. आमच्या ह्यांना कोंडायची फार हौस होती मला, पण ते आधीच निसटले. तुम्ही कुठे?"

"मेंढपाळाकडे," दोनातो म्हणाला.

"अगं बाई, मेंढ्या काय बघायच्या? तुम्ही काम काय करत होतात?"

"सरकारी नोकरी."

"टपालात?"

"सरकारी," दोनातो म्हणाला आणि पाव मोडून त्याने त्याचे बारीक बारीक तुकडे केले. तो नेहमी दाराकडे तोंड करून बसायचा. आजही बसला होता. एर्मिनियाला सूप जाईना. समोर बसलेली अनोळखी बाई गंमत म्हणून जिथे चालली होती, तिथे एर्मिनियाच्या आईपणाला जागा नव्हती.

खोलीत आल्यावर दोनातोने सवयीप्रमाणे दार लावलं आणि मूठ दोनदा ओढून पाहिली.

"गुडघ्याचं नाव सांगू नकोस मला," एर्मिनिया पलंगाच्या कडेवर बसत म्हणाली.

"मग काय सांगू?"

"जायचं नाही म्हण, सरळ."

"जायचं नाही."

"का?"

"काय आहे तिथे, एर्मी? एक दगड. चाळीस माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून फिरणार आणि आपण त्यांच्यातून..." त्याने कोट काढून खुंटीला लावला, परत काढला, परत लावला. "तिथल्या गाईडबाईला सोडून कुठे जाऊही देत नाहीत. दफनभूमी दाखवतच नाहीत. मी विचारलंय."

"तू विचारलंस?"

"दुपारी. तू झोपली होतीस."

एर्मिनिया त्याच्याकडे बघत राहिली. माणूस नाकासमोर चालणारा. जन्मात कुणाच्या अध्यात ना मध्यात. याच माणसाबरोबर तिने पन्नास वर्षं एका छपराखाली काढली, आणि त्यातली पंचेचाळीस एक वाक्य गिळून काढली. आज ते गिळवेना.

तो जूनमधला दिवस होता. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत. सकाळी नऊला भोंगा झाला, डुकरांच्या गोठ्यावरचा एक कैदी कमी भरला होता. बेटाचा नियम असा, की मोजणी पुरी होईपर्यंत एकही बोट धक्का सोडणार नाही, मग तीत कुणीही असो. नोएमीला आदल्या दिवसापासून ताप होता आणि सकाळी तिची मान ताठ झाली. दवाखान्यातला परिचारक म्हणाला, पलीकडच्या इस्पितळात न्या, आत्ता. पलीकडे म्हणजे चाळीस मिनिटं. एर्मिनिया पोरीला ओल्या चादरीत गुंडाळून धक्क्यावर आली. तिथे पहाऱ्यावर होता दोनातो. बोट समोर बांधलेली, चालवणारा तीत बसून सिगरेट ओढत होता. संचालकाची कचेरी वर, दीडशे पायऱ्यांवर. "मोजणी होऊ दे," दोनातो म्हणाला. दहा वाजता म्हणाला, बारा वाजता म्हणाला, दोनला नुसती मान हलवली. चार वाजता नोएमी गेली. साडेपाचला तो कैदी सापडला, अंजिराच्या झाडाखाली, चोरलेली वाईन पिऊन घोरत पडलेला. सहा वाजता बोट नेहमीप्रमाणे पाव आणायला सुटली.

"तू बोट सोडली नाहीस म्हणून मी तुला कधी काही बोलले नाही," एर्मिनिया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नियम होता. तुझी नोकरी होती. पण वर जाऊन विचारायचं होतंस. तू बोट मागितलीसुद्धा नाहीस."

दोनातो खुंटीकडे तोंड करून उभा होता.

"नाहीच म्हणाले असते," तो म्हणाला.

"म्हणाले असते. मग मी त्यांना शिव्या घातल्या असत्या, पंचेचाळीस वर्षं. तू मला तेवढीही सोय ठेवली नाहीस."

त्या खोलीत दोन माणसं एकमेकांना न बघता बसतील एवढी जागा नव्हती, आणि बाहेर बघावं तर खिडकीही नव्हती. एर्मिनियाने पर्स उचलली, दार उघडलं आणि गालिचा घातलेल्या त्या लांबच लांब बोळातून, एकासारखी एक दारं मागे टाकत, ती काउंटरपाशी आली. मारिसेल यादीचे गठ्ठे आवरत होती.

"चारचं हे एक परत घ्या," एर्मिनिया म्हणाली, "आणि सातचं एक द्या."

"आणि साहेबांचं?"

"राहू दे चारच. त्यांना दोन बूट सोसत नाहीत."

मारिसेलने हिरवं तिकीट काढून दिलं. "सिन्योरा, दुपारी साहेबांनाही सांगितलं होतं. गट सोडून जाता येत नाही हं तिथे."

"बघू," एर्मिनिया म्हणाली. एकाहत्तराव्या वर्षी आपल्याला अडवायला कोण किती धावेल याचा तिने हिशेब केला होता.

सकाळी सगळ्यांना जहाजाच्या थिएटरात जमायचं होतं. दारात एक पोरगा प्रत्येकाच्या छातीवर आपापल्या नंबराचा स्टिकर चिकटवत होता. नंबर पुकारला की उठायचं, रांगेत जिना उतरायचा. एर्मिनियाच्या छातीवर हिरवा सात, दोनातोच्या पिवळा चार. तिचा स्टिकर त्याने पाहिला आणि तरी तो तिच्याच शेजारी येऊन बसला. न्याहारीपासून दोघांत चकार शब्द झाला नव्हता. तिच्या मांडीवरच्या पर्समधून ब्रशचा दांडा बाहेर डोकावत होता.

"बंगल्याच्या डावीकडून जा," समोर बघतच तो म्हणाला. "उजवीकडून गेलीस तर विहीर लागते, तिथून वाट नाही."

"माहीत आहे मला."

"फाटक आत लोटायचं. ओढलं की अडकतं."

"दोनातो, माहीत आहे."

पुढच्या रांगेतून सिन्योरा बोनेत्ती वळल्या. "म्हणजे तुम्ही येताय माझ्याबरोबर? बरं झालं बाई. मला एकटीला कोंडलं तर सोडवायला कुणीतरी हवं."

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. वायव्येचा वारा वाढल्यामुळे सेर्राल्ता बेटाच्या धक्क्याला छोटी बोट लावणं सुरक्षित नाही. सात नंबरची सहल रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांनी दुसरी सहल निवडावी किंवा पैसे परत घ्यावेत. हेच इंग्रजीत झालं, जर्मनमध्ये झालं, फ्रेंचमध्ये झालं.

"घ्या," सिन्योरा बोनेत्ती म्हणाल्या. "चला, मेंढपाळ तर मेंढपाळ." आणि हिरवा स्टिकर खेचून काढत त्या उठल्यासुद्धा. आजूबाजूचे हिरवे सगळेच उठले. कुणी कुरकुरलं, कुणी पोहायला जायचं ठरवलं. एर्मिनिया बसून राहिली. तिला रडू आलं नाही. बोट बांधलेली आहे आणि आपण या बाजूला आहोत, हे तिला इतकं ओळखीचं होतं की क्षणभर तिच्या हातांना ओल्या चादरीचं वजन जाणवलं. पुढच्या वर्षी ती बहात्तरची होणार होती आणि जहाज आता परत कोण दाखवणार होतं.

"चार नंबर, पिवळा," पोरगा दारातून ओरडला.

दोनातो उठला. पिवळे सगळे डावीकडच्या जिन्याकडे वळले, हा उजवीकडच्या दाराने निघाला. त्याची चाल बघून एर्मिनियाही उठली आणि पर्स सांभाळत त्याच्या मागे गेली.

काउंटरपुढे पैसे परत घेणाऱ्यांची रांग लागली होती. जन्मभर कुणाच्या पुढे न घुसलेला माणूस सबंध रांग ओलांडून थेट पुढे जाऊन उभा राहिला.

"अहो, आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत का?" मागून एकजण म्हणाला.

"बोट हवी आहे," दोनातो मारिसेलला म्हणाला. "सेर्राल्ताला जायला."

"सर, ती रद्द झालीय. तुमचं तर चारचं आहे, तुमची बस..."

"बस नको. बोट हवी."

"वारा आहे, सर."

"तो वारा मी अकरा वर्षं खाल्लाय. वर विचारा."

"वरूनच आलंय, सर. कॅप्टनसाहेबांनीच ठरवलंय. ते नाहीच म्हणणार."

"म्हणू देत," दोनातो म्हणाला. दोन्ही हात त्याने काउंटरवर ठेवले होते. "तुम्ही जाऊन विचारा. माझी मुलगी आहे तिथे. तिच्या बापाने बोट मागितलीय म्हणून सांगा."

मारिसेलने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे तीन पावलांवर उभ्या असलेल्या एर्मिनियाकडे. बाई नवऱ्याला आता आवरतील, घेऊन जातील, असं तिला वाटलं असावं. एर्मिनिया हलली नाही. तेव्हा मारिसेल खुर्चीवरून उठली आणि मागचं दार ढकलून आत गेली.

रांगेतला गलका वाढला. कुणी घड्याळ दाखवलं, कुणी म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणालं. बाहेर धक्क्यावरून मेंढपाळाकडची बस निघून गेली. दोनातोने मागे वळून पाहिलं नाही. रिकाम्या काउंटरपुढे ताठ उभा राहून तो उत्तराची वाट बघत होता, आणि एर्मिनियाने त्याला हाक मारली नाही.