उशाखालचा चाकू

द्वारकाबाईंनी घडीच्या चाकूच्या सांध्यात रॉकेलचे थेंब सोडले आणि पातं नखानं उचलून पाहिलं. हललं नाही. दादा, त्यांचे यजमान, गेल्यापासून तो कोनाड्यात पडलेला. गंजानं खिळा धरून ठेवला होता.

"रुसला व्हय?" त्या चाकूला म्हणाल्या. "रुस. या घरात तुझ्यासारखे लई."

दाराशी खाटेवर बसलेल्या बद्रीनाथनं ते ऐकलं आणि हातातल्या टोपीची घडी नीट केली.

त्याची बायको आशा फुलंब्रीला माहेरी बाळंत झाली होती. मुलगी. उद्या पाचवी; बाळाच्या उशाखाली लोखंड लागतं. ते दादांच्याच चाकूचं हवं, असं म्हणत तो सकाळी आला होता. तो जन्मला तेव्हाही हाच चाकू उशाखाली होता. बाप गेल्यापासून लेकानं आईकडं काही मागावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

दादांचे दिवस उरकल्यावर त्यानं पडेगाव सोडून चिकलठाण्याला, कारखान्याजवळ बिऱ्हाड केलं. सामानाचा टेम्पो भरून उभा, तेव्हा द्वारकाबाई चारचौघांत बोलल्या होत्या, "बापाच्या वजनानं सैल झालेली खाटेची सुतळी अजून ताणली नाय, अन् हा निघाला." त्यानं उलट उत्तर दिलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. रविवारी येई, साखर-पत्ती ठेवी, विचारलं तेवढं सांगे. कचेरीतल्या कारकुनानं सांगावं, तसं.

"पोरगी कुणावर गेली?"

"अजून कळंना."

"रडती का?"

"व्हय."

"बरंय. कुणीतरी तोंड उघडतंय."

त्यानं टोपीची घडी पुन्हा मोडली.

रॉकेल मुरलं. पातं मागंपुढं हलवत त्यांनी हळूहळू उघडलं आणि मुठीची खाच सुईनं कोरली. आतून पेरूची एक वाळलेली बी निघाली. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या भीतीच्या दिवसांत दादांनी हा चाकू शहागंजातून आणला होता. रझाकार आला तर दाखवीन, म्हणाले होते. मग जन्मभर पेरू कापले. द्वारकाबाईंनी ती बी फेकली नाही. पदराच्या टोकात बांधली.

राखेनं पातं घासून त्यांनी निसण्याच्या दगडावर पाणी शिंपडलं आणि धार लावायला घेतली. पातं जरा जास्तच उभं धरलं. बद्रीनाथची बोटं गुडघ्यावर हलली. धार लावायला त्याला दादांनी शिकवलं होतं. पातं दगडावर जवळजवळ निजवायचं असतं. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं.

द्वारकाबाईंनी ते पाहिलं. पातं त्यांनी तसंच उभं ठेवलं.

मग चाकू पुसून त्या चुलीकडं गेल्या. फळीवर शिवणयंत्राच्या तेलाची चोचीची बाटली होती. दादा सांध्याला तेच घालत. खायचं तेल घातलं की सांधा चिकटतो, यावरून दर खंडेनवमीला नवराबायकोचं वाजे, आणि बद्री बापाच्या बाजूनं ओरडे. द्वारकाबाईंनी बाटली उचलली. थोडा वेळ हातात धरली. मग जागेवर ठेवली आणि फोडणीच्या भांड्यातलं करडीचं तेल सांध्यात सोडलं.

चाकू मिटून त्यांनी लेकापुढं हात केला.

"घे."

तो थबकला. चाकू कधी हातात देत नाहीत. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. नाहीतर भांडण लागतं. लहानपणी याच चुकीपायी त्यानं आईच्या हातची चापट खाल्ली होती.

"माय, खाली ठेव."

"घे म्हणते ना."

त्यानं घेतला. उघडला, मिटला. बोटं नाकाशी नेली.

"करडीचं तेल घातलं?"

"घातलं."

"अगं, जाम हुईल ना हा! दादा किती डाव सांगायचे. अन् धार अशी लावतेत व्हय? पार वाट लावली पात्याची."

"मोठा आला शिकवणारा! लावायची व्हती मंग तू. वर्षभर कुठं व्हता?"

"तू ऱ्हा म्हणली व्हती का?" त्याचा आवाज चढला. "खाटेच्या सुतळीचं तेवढं बोलली. साऱ्या आळीपुढं!"

शेजारच्या मनकर्णाबाई कुडावरून डोकावल्या. द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांचं डोकं परत खाली गेलं.

बद्रीनाथ खाटेवरून उठला. खाली बसकण मारून त्यानं निसणा पुढ्यात ओढला, पाणी घेतलं आणि पातं दगडावर निजवलं. घासता घासता पुटपुटत राहिला. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, त्यानं विचारलं,

"मशीनचं तेल संपलं व्हय?"

"नाय. फळीवर हाय. भरलेलं."

त्याचा हात थांबला. त्यानं फळीकडं पाहिलं, मग आईकडं. ती पाठमोरी बसून परातीत दोघांपुरतं पीठ काढत होती.