कपाळावरचे खडे

कामावर सगळे त्याला भुंग्या म्हणत, कारण भट्टीपाशी उभा राहिला की स्वारी गुणगुणायला लागे. काम म्हणाल तर डोळ्यांत तेल घालून बघण्याचं. क्वार्ट्झच्या नळीत टंगस्टनची बारीक तार, तिच्यात वीज सोडून ती पांढरीशुभ्र होईस्तोवर तापवायची, आणि नळीतून बोरॉन असलेला वायू हायड्रोजनबरोबर सोडायचा. बोरॉन येऊन तारेवर बसतो, त्याचे काळे चकचकीत खडे धरतात. घाई केली तर नुसती भुकटी हाती लागते. आणि बसतो तो तापलेल्या जागीच, गार जागेकडे ढुंकूनही बघत नाही.

तसला खडा एक दिवस त्याला ताईच्या कपाळावर दिसला. आई गेल्यावर त्याला लहानाचं मोठं केलं ते या थोरल्या बहिणीनं, आणि आता तीच तापानं अंथरुणाला खिळली होती. आधी वाटलं, आपल्याच कपड्यांवरून आला असेल. पण पुसून निघेना. नखानं उचकटला तेव्हा कुठे सुटला. खाली जखम नाही की ओरखडा नाही. उशीवर नाही, पाण्याच्या पेल्यावर नाही, फक्त तिच्या अंगावर.

मग ते रोजच येऊ लागले. ताप चढला की दाट, उतरला की तुरळक. भुंग्या कामावरून अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायला लागला. काडीचा फरक पडला नाही.

“इतक्या वर्षांत मला एक दागिना केला नाहीस,” ताई म्हणायची, “बघ, आता आपोआप घडतोय.”

त्याला मेलं हसूही येत नसे. शेवटी सुपरवायझरला सांगितलं.

“अरे बाबा, तांबं वितळेल इतकी धग लागते त्याला,” सुपरवायझर म्हणाला. “तुझ्या बहिणीला ताप आलाय, तिची भट्टी नाही झालेली. रजा घे, झोप काढ.”

रजा मात्र त्यानं दिली नाही, ते सोडा.

भुंग्याच्या मनानं एकच घेतलं होतं, हे खडे थांबले की ताई उठणार. तो गार पाण्याच्या पट्ट्या ठेवी, खडे उचकटी, आणि मनात म्हणे, उद्या नको रे बाबा.

एका दुपारी घरी आला, तर कपाळ स्वच्छ. गाल बघितले, मान बघितली, मनगटं बघितली. कुठे कण नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

“गेली बघ पीडा, ताई,” तो हळूच म्हणाला. गाढ झोपलीय म्हणून तिला उठवलं नाही, आवाज न करता चहाचं आधण ठेवलं. कितीतरी दिवसांनी घरात गुणगुणला. आणि गुणगुणता गुणगुणताच गप्प झाला.

गार जागी बोरॉन बसत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो धावला. तिच्या कपाळाला हात लावला, मग गालांना. घरातली होती नव्हती ती पांघरुणं तिच्यावर घातली, तिचे तळवे चोळचोळ चोळले. शेजाऱ्यांनी येऊन बाजूला ओढेपर्यंत तो त्या स्वच्छ कपाळाकडे बघत एकच मागत होता, एक तरी खडा बसू दे.