रस्त्यालाही चालते, शर्यतीलाही

सोमवारी सकाळी ताई गाडीत बसली आणि तिचं बूड नेहमीपेक्षा चार बोटं खाली जाऊन टेकलं. तिथूनच तिच्या रागाला सुरुवात झाली.

ड्रायव्हिंग स्कूल तिच्या वडिलांचं. वडील गेल्यावर ती आणि तिचा धाकटा भाऊ दोघं मिळून ते चालवत होते. एवढ्या वर्षांत गाड्या बदलल्या, पण ताईची जागा बदलली नाही. शिकणाऱ्याच्या शेजारची सीट, आणि पायाखाली शिकवणाऱ्यासाठी बसवलेला दुसरा ब्रेक. वडिलांच्या काळची पहिली गाडी पाळण्यासारखी झुलायची. वळणावर शिकणारा एका दाराला आणि शिकवणारा दुसऱ्या दाराला चिकटायचा, पण खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी हलायचं नाही. आताची छोटी गाडी तशी झुलत नसे, तरी माणसाला माणसासारखं वागवत होती. आज मात्र दगडी पायरीवर बसल्यासारखं वाटत होतं.

"काही झालं का, ताई?" स्टिअरिंगवर बसलेल्या नर्सनं विचारलं.

"काही नाही. आरसा बघ, क्लच दाब, चल."

नर्स चाळिशी ओलांडलेली, सरकारी दवाखान्यात वीस वर्षं काढलेली. घरी अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना जाऊन बघायची नवी जागा निघाली होती. डोंगराकडच्या वस्त्यांवर जायचं, दवाखान्याची गाडी मिळणार, पण ती स्वतः चालवता आली पाहिजे. तिची परीक्षा उद्या होती. याआधी दोनदा ती नापास झाली होती, दोन्ही वेळा चढावर. चढाच्या मध्यावर गाडी थांबवायची आणि वीतभरही मागे न जाऊ देता पुन्हा उचलायची, एवढंच तिला जमत नव्हतं. उद्या नापास झाली तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीच्या पोटाखालून घर्रर्र असा आवाज आला. नर्सनं करकचून ब्रेक मारला आणि दोन्ही हात वर केले.

"ताई, मी काहीतरी चिरडलं!"

ती खाली उतरली, गुडघे टेकून गाडीखाली बघितलं. तिथं काहीच नव्हतं. पुढच्या स्पीडब्रेकरवर पुन्हा तेच. शिवाय प्रत्येक खड्ड्याला मागून कुरकुर ऐकू येत होती, जुना पलंग कुरकुरतो तशी. सरावाच्या चढाला लागता लागता पुढचा भाग रस्त्याला घासला, नर्स दचकली, क्लचवरचा पाय सुटला आणि गाडी आचके देऊन बंद पडली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत सुटला.

नर्सनं किल्ली काढली आणि ताईच्या हातात ठेवली. "मला नाही जमणार. उद्या मी येत नाही."

"किल्ली लाव परत."

"ताई, मी खरंच..."

"तुझा दोष नाही यात. ही गाडी कोणीतरी बिघडवलीय आणि ते कोणी हे मला ठाऊक आहे. लाव किल्ली! स्कूलवर घे."

ताईला मनातल्या मनात रागावता येत नसे. स्कूलच्या दारातूनच तिचा आवाज आत गेला.

भाऊ टेबलाशी बसून फोनवर आदल्या दिवशीचे फोटो बघत होता. त्याची मान अवघडली होती, म्हणून ताई आल्यावर तो खुर्चीसकट वळला.

"गाडीला काय केलंस?"

"आवडली?" त्याचा चेहरा उजळला. "शॉकअप बदलले. स्प्रिंगांसकट. उंची कमी-जास्त करता येते, कडकपणा कमी-जास्त करता येतो. म्हणजे कसं, रस्त्यालाही चालते, शर्यतीलाही."

"एक ना धड भाराभर चिंध्या! शर्यत कुठली?"

"काल. गावाबाहेर जुनी धावपट्टी आहे ना, तिथं छोट्या गाड्यांची असते."

"कितवा आलास?"

भाऊनं फोन उलटा ठेवला. "शेवटून दुसरा. पण त्या शेवटच्याचं इंजिन बंद पडलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो."

"चोपन्नाव्या वर्षी! केस पिकले, अक्कल हिरवीच. अरे, हिची उद्या परीक्षा आहे. ही बाई पोटतिडकीनं शिकतेय आणि तू तिच्या बुडाखालची गाडी रस्त्याला टेकवून ठेवलीस?"

"वर नॉब आहे, तो फिरवला की मऊ होते."

"मग फिरवला का नाहीस?"

"विसरलो."

ताईनं टेबलावरची फाइल उचलली, ती कुठं मारावी हे न सुचून पुन्हा आपटून ठेवली. "ऊठ. मिस्त्रीकडे. आत्ता. आणि तूसुद्धा चल," ती नर्सला म्हणाली. "तिथून थेट चढावर जायचंय."

मिस्त्रीचं गॅरेज दोन गल्ल्यांपलीकडे होतं. जमिनीत लांबट खड्डा, त्यावर गाडी उभी करायची आणि त्यानं खाली उतरून काम करायचं. त्यानं गाडी जॅकवर घेतली, स्प्रिंगांखालच्या कड्या फिरवून उंची पूर्वीइतकी वाढवली, नॉब मऊवर आणले. मग गाडी चाकांवर उतरवली आणि खड्ड्यात जाऊन बॅटरीच्या उजेडात बघत म्हणाला, "मागचे बोल्ट कोणी आवळले?"

"मी," भाऊ म्हणाला. "का? घट्ट आहेत ना?"

"घट्ट आहेत. पण गाडी जॅकवर लटकत असताना आवळलेत. आत रबराचा बुश असतो भाऊ, सांध्यातलं कडं. हवेत आवळला की खाली येताना पिळला जातो, मग कुरकुरतो, मग फाटतो. सैल ठेवायचं, गाडी चाकांवर उतरवायची, वजन पडू द्यायचं आणि मग आवळायचं. चला, बसा तिघं आत. आपापल्या रोजच्या जागी. आणि हलायचं नाही."

"भांडलेलं चालेल?" भाऊनं विचारलं.

"तोंडानं भांडा. हातवारे नकोत."

नर्स स्टिअरिंगवर बसली, ताई तिच्या शेजारी, भाऊ मागे. समोर गॅरेजची तेलकट भिंत, तिच्यावर खिळ्यांना टांगलेले पाने. खालून खुडबुड ऐकू येत होती. गाडी कुठंच जाणार नव्हती आणि कोणाला उतरताही येत नव्हतं.

"कधी बदलले?" ताईनं भिंतीला विचारलं.

"शनिवारी."

"मी मावशीकडे गेले तेव्हा. म्हणजे मी जायची वाट बघत होतास."

"तुला विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"मग?"

"मग काय मग? मग नाही झालं असतं!" ताईनं सीटवर मूठ आपटली.

"ताई," खड्ड्यातून आवाज आला, "हलतेय."

मागून भाऊ हळूच म्हणाला, "मी उभ्या जन्मात काय केलं सांग. शेजारी बसलो आणि दुसऱ्याच्या चुकीवर ब्रेक मारला. माझ्या पायाला दुसरं काही येतच नाही. काल पहिल्यांदा समोर कोणी नव्हतं, शेजारी कोणी नव्हतं. वळणावर गाडी झुकली नाही ताई, रुळावर असल्यासारखी गेली. मला रडू आलं हेल्मेटमध्ये."

"आणि माझा पाय काय लाकडाचा होता?"

"म्हणजे?"

"टेकडीवर शर्यत व्हायची तेव्हा. मी बावीस वर्षांची होते, तू शाळेत होतास. मला ती टेकडी पाठ होती, कुठल्या वळणावर कुठला गिअर, डोळे मिटून सांगितला असता. आजही सांगेन. मी बाबांना विचारलं, आपली गाडी नेऊ का. बाबा टायरमध्ये हवा भरत होते. मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, ही गाडी शिकणाऱ्यांची आहे. झालं. शर्यतीच्या दिवशी मी एका वाण्याच्या मुलीला रिव्हर्स शिकवत होते आणि टेकडीवरून गाड्यांचे आवाज येत होते." ताईचा आवाज चढला. "गाडी खाली केलीस त्याचा राग नाही रे मला. मी विचारलं होतं. तू विचारलंसुद्धा नाहीस!"

भाऊनं गप्प बसायला हवं होतं. पण भाऊच तो. "मग बाबांवरचा राग माझ्यावर कशाला काढतेस?"

ताई अख्खी मागे वळली. गाडी डावीकडे कलली. खड्ड्यात पाना खणकन पडला. "ताई!" मिस्त्री ओरडला, "ताई, हात आहे माझा इथं!" भाऊ काहीतरी म्हणायला गेला, ताई त्याच्यावर ओरडली, आणि त्या गलक्यात चौथा आवाज निघाला.

"गप्प बसा!"

नर्स बोलली होती. समोर बघत, स्टिअरिंग घट्ट धरून.

"ही गाडी शिकणाऱ्यांची ना? मग इथं शिकणारी कोण? मी! परीक्षा कोणाची? माझी! ह्यांना पळवायचीय, तुम्हाला पळवता आली नाही, आणि मला नुसती चढावर उभी करायचीय तर ती कोणी उभी राहू देत नाही. खाली माणूस काम करतोय, त्याच्या हाताचा विचार आहे कोणाला? असा गोंधळ घालणाऱ्या नातेवाइकांना मी वॉर्डातून बाहेर काढते. पुढं बघा, ताई. भाऊ, सरळ बसा. मिस्त्री, लागलंय का हाताला?"

"नाही, मॅडम," मिस्त्री खालून नम्रपणे म्हणाला.

"मग आवळा."

तिघं सरळ बसली. तीन महिने या बाईचं बोलणं ऐकायला ताईला कान पुढं करावा लागला होता.

"हा आवाज इतके दिवस कुठं होता?" ताईनं भिंतीकडेच बघत विचारलं.

"वॉर्डात."

"उद्या सोबत घेऊन ये."

दुपारी गाडी चढावर नेली. मागची कुरकुर थांबली होती, खाली काही घासत नव्हतं. नर्सच्या हातून दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा ती थांबली, क्षणभर थरथरली आणि सरळ वर गेली. मग अंधार पडेपर्यंत ताईनं तिच्याकडून तेच करून घेतलं. शाबासकी दिली नाही. ताईचा राग तेव्हा एकाला पुरून दुसऱ्याला उरेल इतका होता.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या मैदानावर बहीण-भाऊ एका बाकावर बसले, मधे माणूस मावेल इतकी जागा सोडून. इन्स्पेक्टर नर्सच्या शेजारी बसला तेव्हा फोन त्याच्या कानाला होता. गाडी चढाला लागली, मध्यावर थांबली. ताईचा उजवा पाय बाकाखालच्या मातीत रुतला.

लांबून एवढंच दिसलं की इन्स्पेक्टरचा कानाजवळचा हात झटकन खाली आला. मग गाडी हलली, वरच्या दिशेला.

"मी त्यांना म्हटलं, फोन ठेवा, चढ आहे," नर्स नंतर सांगत होती. "म्हटलं खरं. मग वाटलं, झालं, आता हे मला नापास करणार. पण ठेवला हो त्यांनी! आणि पास केलं!" तिनं ताईला मिठी मारली, भाऊशी हात मिळवला आणि दवाखान्यात सांगायला पळाली.

भाऊनं घसा साफ केला. "झालं ना सगळं नीट? आता सोड राग."

"ती पास झाली म्हणून तू पास झालास असं नाही." ताईनं गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. "गाडी हवी असेल तर विचारायला ये."

शनिवारी संध्याकाळी तो आला. नवशिके पहिल्या दिवशी स्कूलच्या दारात उभे राहतात तसा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"ताई, उद्या गाडी नेऊ का? संध्याकाळी आणल्यावर उंची पूर्ववत करेन, नॉब मऊवर आणेन. बोल्टही मिस्त्रीकडूनच, वजनावर."

ताई भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. ताटलीवरून हात फिरता फिरता तिच्या ध्यानात आलं, बाबांनीही मान वर केली नव्हती. या आठवणीनं ती अशी काही पेटली की तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि भावाकडे नीट, डोळ्यांत बघितलं.

"निघायचं कधी?"

"सकाळी सातला. का?" भाऊ घाबरला. "तू... तू चालवणार?"

"पहिली फेरी माझी."

"आणि मी?"

"तू शेजारी बस," ताई म्हणाली. "आणि त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवलास ना, तर याद राख."