लेइदीचे सहा तास

माझी धाकटी बहीण लेइदी आठ महिन्यांनी घरी आली, तीही सहा तासांसाठी. प्रवासी जहाजावर ती चादरी-टॉवेल धुण्याच्या कामाला होती. तिचं जहाज आमच्या प्रोग्रेसो बंदराला कधी लागत नसे. त्या सोमवारी लागलं. दहाला उतरायचं आणि चारच्या आत परत चढायचं, असा हुकूम होता.

धक्क्याच्या फाटकाशी मी तिला घ्यायला गेले. केस कानापर्यंत कापलेले, गालफडं बसलेली.

"अगं, जहाजावर खायला काय फक्त प्रवाशांनाच घालतात?" मी म्हटलं.

"मिळतं गं खायला. बसून खायला मिळत नाही," ती म्हणाली आणि हसता हसता रडली.

तिची पाच वर्षांची मुलगी साझिल माझ्याकडे राहायची. लेइदीने दारातच हात पसरले तर पोरगी माझ्यामागे लपली. मी तिला पुढे ओढलं, तेव्हा शाळेतल्यासारखी म्हणाली, "नमस्कार, बाई."

लेइदीचा चेहरा उतरला. "लाजतेय. तासाभरात डोक्यावर बसेल बघ," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं होतं.

काळा घेवडा आणि डुकराचं मटण असं आमच्याकडचं ठरलेलं सोमवारचं जेवण झालं आणि आम्ही किनाऱ्यावर आलो. जहाजाच्या दिवशी माझी मार्केसितांची गाडी बंद ठेवून चालत नाही. सगळ्यांनाच ती चीज घातलेली कुरकुरीत सुरळी हवी असते. लेइदी साझिलला घेऊन शेजारी सावलीत बसली होती. मी चार गिऱ्हाइकं केली, मान वर केली, तर लेइदी एकटीच पाण्याची बाटली घेऊन समोरून येत होती.

"साझिल?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"तुझ्याकडे सोडून गेले ना मी! तुला म्हटलं, लक्ष ठेव."

"मला कुठे म्हणालीस? आई तू आहेस की मी?"

तोंडातून गेलं ते गेलं. लेइदी पळत सुटली.

दीड वाजला होता. किनाऱ्यावर हजारो माणसं, त्यांत शेकडो पोरं, आणि प्रत्येक पिवळा फ्रॉक मला तिचाच वाटत होता. तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला. पाणी राखेच्या रंगाचं झालं, लाल बावटा चढला, पोहणाऱ्यांना बाहेर काढू लागले. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून तिच्या नावाने ओरडत होते. लाट मागे सरली की खाली काय दिसेल, या धास्तीने डोळे मिटायचे आणि मिटले तर ती दिसायची राहील म्हणून पुन्हा उघडायचे.

पोलिसाने विचारलं, "अंगावर काय होतं? काही खूण?" लेइदीला फक्त पिवळा फ्रॉक सांगता आला. हनुवटीवरच्या व्रणाचं मी सांगितलं. तो कधी झाला, हेही तिला ठाऊक नव्हतं.

अडीचच्या सुमाराला टोप्या विकणारी बाई म्हणाली, "पिवळी ना? जहाजाकडे नेणाऱ्या बसच्या रांगेत बघितली बाई. गोऱ्यांच्या पोरांत उभी होती. मला वाटलं, त्यांचीच."

आमचा धक्का समुद्रात साडेसहा किलोमीटर आत गेलाय. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये मालाचे ट्रक, आणि टोकाला ते जहाज. कुणी तिचा हात धरून नेलं असेल तर? आणि जहाज सुटलं तर?

फाटकावर लेइदीने ओळखपत्र दाखवलं. तिला सोडलं, मला अडवलं. "मी तिला सांभाळते हो!" मी पहारेकऱ्याला सांगत होते. "अहो, रोज मी जेवू घालते तिला!" त्याने ओळखपत्रासाठी हात पुढे केला. लेइदीची बस लहान होत होत दिसेनाशी झाली.

चाळीस मिनिटं मी ती जाळी धरून उभी होते. एक ट्रक आतून अगदी हळू बाहेर आला. इतका हळू का चाललाय, म्हणून मी वाकून त्याची चाकं बघितली.

मग बस आली. ती चालवणारे विल्बर्टकाका आमच्याच गल्लीतले. त्यांच्या मागच्याच बाकावर साझिल बसली होती, त्यांचा शर्ट मुठीत धरून. लेइदी दोन बाकं सोडून मागे, हात मांडीवर ठेवून.

"सोकोरो, या तुझ्या कारटीने माझं आयुष्य दहा वर्षांनी कमी केलं!" काका ओरडले. "टोकाशी एकटीच उभी. जहाजाकडे तोंड करून हाका मारतेय. मागे वळून गाडी बघायची शुद्ध नाही!"

मी तिला कवटाळलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा कवटाळलं. "कुठे गेली होतीस गं?"

"आईला आणायला," ती हुंदके देत म्हणाली. "आई जहाजात असते ना. ती बाई म्हणते, मीच आई. मावशी, मी किती हाका मारल्या, आई खिडकीत आलीच नाही."

लेइदीने ऐकलं. चार वाजायला वीस मिनिटं होती.

"चढू की नको, सोको?" शेवटी तिने विचारलं. "नाही चढले तर पुन्हा काम नाही. चढले तर ही मला…"

"करार किती राहिलाय?"

"अडीच महिने."

"मग जा. आणि त्यानंतर पुन्हा पाऊल ठेवू नकोस तिकडे. मी तिला सांगेन."

"काय सांगशील?"

"तू हिच्यासाठी कशी धावलीस, ते."

ती गेली. साझिलने हात हलवला, पण जहाजाच्या दिशेला. घरी आले तर किल्ली कुलपात जाईना. शेजारणीने दार उघडून दिलं. साझिल झोपली, तरी मी तिच्या छातीवर तळवा ठेवून बसून राहिले.

लेइदी मार्चमध्ये परतली, ती कायमची. आता बंदराजवळच्या एका हॉटेलात चादरी धुते. तिला आई म्हणायला साझिलने जूनपर्यंत वेळ घेतला. जहाज लागतं त्या दिवशी मी गाडी लावत नाही. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत.