मऊ पाट्यांची गाडी

शामरावाच्या पायाचा अंगठा हलत होता, आणि कोंडीरामच्या घरात त्या अंगठ्याइतकं मोलाचं दुसरं काही उरलं नव्हतं. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाबरोबर परळहून गिरगावात चालत गेलेलं पोर गोळीबारात सापडलं आणि तिथल्याच एका धर्मादाय इस्पितळात पडून राहिलं. गोळी निघाली, पण कण्याचं हाड चिरलं होतं. होळी होऊन गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "हाड धरायला लागलंय. पाय शाबूत आहेत. अजून महिना-दोन महिने पाठीवर सपाट निजवून ठेवा. मोठा धक्का बसला तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही." एवढं सांगून त्यांनी खाट रिकामी करायला सांगितली. त्यांचाही इलाज नव्हता. व्हरांड्यात माणसं सतरंजीवर पडली होती.

आता गिरगावातून परळपर्यंतचा रस्ता म्हणजे काय, हे ज्याने त्यावर टॅक्सी हाकली त्यालाच ठाऊक. गेल्या काही महिन्यांच्या दंगलीत लोकांनी फरश्या उखडून फेकल्या होत्या, आणि ज्यांनी परत बसवायच्या त्यांनी त्या मनाला येईल तशा बसवल्या होत्या. ट्रामच्या रुळांच्या कडेला तर वीतवीत खोल चर पडले होते. कोंडीरामने या रस्त्यावर आयुष्य काढलं होतं, पण पोराच्या पाठीने तो कधी पाहिला नव्हता.

इस्पितळाची गाडी मिळत होती. कोंडीरामने ती मागून दोन्ही हातांनी दाबून पाहिली, ती तसूभरही लवली नाही, तसा तो नको म्हणाला. ती मूळची मालाची गाडी. तिच्याखालचे पोलादी पाटे, म्हणजे स्प्रिंगा, गोणी वाहायला घडवलेले. एक रोगी घातला तर त्यांना त्याचं वजन जाणवायचंदेखील नाही. मग रस्त्यातला खडा न् खडा थेट कण्यात. डॉक्टरांना ते लगेच पटलं. "मी बसलोय तिच्यात," ते म्हणाले. "माझीच कंबर धरली होती."

कोंडीरामची टॅक्सी लढाईच्या आधीची, मोठी, अमेरिकन बनावटीची. छोट्या बेबी टॅक्स्या निघाल्यापासून तिला कुत्रं विचारत नव्हतं. पण तिचं चाक मोठं. बेबीचं चाक खड्ड्यात उतरतं आणि आपटून बाहेर येतं. हिचं चाक तोच खड्डा दोन्ही कडांवर टेकून पार करतं. टायरही उंच आणि गुबगुबीत, म्हणजे अर्धा दणका तिथेच जिरायचा. राहिले पाटे. त्यासाठी तो चिंचपोकळीच्या गल्लीत बाबुरावाच्या भट्टीवर गेला. बाबुराव जन्मभर गाड्यांचे पाटे घडवत आलेला, कोंडीरामच्या जातीचा नसला तरी पोटातला माणूस.

"एकाखाली एक पाटे बांधलेत, त्यातले निम्मे काढ," कोंडीराम म्हणाला.

"आरं येड्या, कांद्याच्या पाती हायत काय काढायला?" बाबुराव ओरडला. पण शामरावाचं नाव निघताच त्याने पाने हातात घेतले. गाडी उचलून मागचे पाटे सोडवले, जाडजाड काढून टाकले, उरलेल्यांच्या मधे ग्रीस भरलं. शॉक ॲब्सॉर्बरात नवं तेल घातलं, म्हणजे एकदा लवलेली गाडी उगाच वरखाली डोलत राहणार नाही. टायरांतली हवा कमी केली. मग घाम पुसत म्हणाला, "मऊ झाली. पण ध्यानात ठेव, मऊ पाटा वजन घेत न्हाय. तू, वैनी आन् पोरगं. चौथा माणूस बसवलास तर गाडी खाली बसंल. खड्ड्यात अजून लवायला जागा शिल्लक राहणार न्हाय, आन् लोखंडावर लोखंड आपटंल. तसला दणका त्या मालगाडीचाबी नसतो."

"चौथा कोण येतोय मरायला?" कोंडीराम म्हणाला.

आपल्या शेजारची पुढची बैठक काढून त्याने मागपर्यंत फळी टाकली, तिच्यावर कापसाची गादी. आणि त्या गादीवर आधी कौसल्या निजली. बायको अशी टॅक्सीत आडवी पडलेली बघून चाळीतली माणसं फिदीफिदी हसली, पण तिने डोळे मिटून घेतले आणि नवऱ्याला म्हणाली, "चला." परळपासून गिरगावापर्यंत ती बोलत होती. "हितं कंबरंत बसलं. हितं काय न्हाय. हितं मान हलली." कोंडीराम ऐकत होता, कुठे चाक डावीकडे घ्यायचं, कुठे रूळ तिरपा ओलांडायचा ते मनात धरत होता. परतताना लालबागचा नाका आला तरी ती काही बोलली नाही. त्याने वळून पाहिलं तर तिला डोळा लागला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचं त्याला इतकं कौतुक कधी वाटलं नसेल. त्या दिवशी दोघं पोटभर जेवली.

एवढ्यावर देवाला थांबता आलं असतं. पण गरिबाचं सुरळीत चाललेलं कुणाला बघवतं?

पोराला घरी न्यायच्या दिवशी इस्पितळाच्या दारात तिथल्याच एका वाडीतली माणसं जमली होती. हातात झेंडूचे हार, समितीचे झेंडे, पाच सुवासिनी आरतीची ताटं घेऊन. त्यांचा पुढारी हरेश्वर नावाचा, धोतर-कोटातला, मनाने खरोखरच चांगला माणूस. त्याने कोंडीरामच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाला, "कोंडीरामदादा, तुमचा मुलगा आमच्या वाडीच्या तोंडाशी पडला. तो आता आमचाही मुलगा आहे. त्याला आम्ही असा गुपचूप जाऊ देणार नाही."

या वाड्यांमधून कोंडीरामने अठरापगड जातींची माणसं वाहिली होती. "ए टॅक्सी" यापलीकडे त्याला कुणी हाक मारली नव्हती. त्याच्या बापाने तर याच गल्ल्यांत झाडू मारताना पाण्यासाठी लांबून ओंजळ धरली होती. आणि आज इथली माणसं त्याला दादा म्हणत होती, त्यांच्या बायका त्याच्या पोराला ओवाळत होत्या, कुंकू लावताना त्याच्या कपाळाला बोटं टेकवत होत्या. कोंडीरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते कुणाच्या चढलं नसतं?

डॉक्टरांनी आणि वॉर्डबॉयांनी शामरावाला चादरीसकट उचलून फळीवर निजवलं. कौसल्या पायाशी बसली. कोंडीरामने स्टिअरिंगच्या चाकाला हात लावला, आणि तेवढ्यात गाडी एका बाजूला झुकली. हरेश्वर दाराखालच्या पायपट्टीवर चढला होता. मग दुसऱ्या बाजूला दोघे. मागच्या डिकीवर झेंडा घेऊन आणखी तिघे.

"साहेब," कोंडीराम म्हणाला, "गाडीचे पाटे काढलेत. वजन सोसणार नाही तिला."

"अहो, परळपर्यंत जरा हळू घ्या, झालं!" हरेश्वर हसला. "आम्ही काय पोती आहोत?"

सगळे हसले. कोंडीरामही हसला. कौसल्याने मागून त्याच्या सदऱ्याला हिसका दिला. "सांगा की त्यांना. उतरा म्हणावं."

"गप," तो दबक्या आवाजात म्हणाला. "माणसं मान द्यायला आलीत. खाली उतरा कसं म्हणू?"

भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची सोय ज्याला मान रोजचाच त्याला असते. ज्याला मान असा कधी मिळालाच नाही, त्याची जीभ उचलत नाही. भायखळ्याला उतरवू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि गाडी सोडली.

दैवाने फसवलं ते इथे. भरलेली गाडी जास्तच मऊ चालू लागली. रिकामेपणी जी थोडी उसळत होती, ती आता जड म्हशीसारखी शांत डुलत निघाली. खड्डे कळेनात. शामराव म्हणाला, "बा, झोप यायला लागलीया." कोंडीरामला वाटलं, बाबुराव उगाच घाबरवतो. भायखळा आलं, गेलं. हरेश्वर "मुंबईसह" म्हणत होता आणि दोन्ही फुटपाथ "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून उत्तर देत होते. गिरणीच्या दारातल्या कामगारांनी हात वर केले. पोराने पडल्यापडल्या हात जोडले. कोंडीरामच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुखाचं होतं.

लालबागच्या नाक्यावर कोंडीरामची आपली माणसं उभी होती. ती थोडीच मागे राहणार? गिरगावकर चढलेत तर आपण का नाही, म्हणून चौघे-पाच जण धावत आले आणि जिथे हात पुरला तिथे लोंबकळले. कोंडीराम "नका, नका रे" म्हणून ओरडला, पण घोषणेत ते कुणाला ऐकू जाणार? गर्दीमुळे त्याला रूळ तिरपा घेता आला नाही. पुढचं चाक चरात उतरलं आणि वर आलं. मागचं उतरलं आणि सबंध गाडी खाली बसली. बसायला आणखी जागा नव्हती. लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला, डिकीवरचा झेंडेवाला उडून रस्त्यावर पडला, आणि लोक हसले.

कोंडीरामने ब्रेक दाबला. तो वळला. शामरावाचं तोंड उघडं होतं, डोळे छताकडे.

"लागलं का रे?" कौसल्या विचारत होती. "शाम्या, बोल. लागलं?"

"न्हाय आये," तो म्हणाला. मग स्वतःच नवल वाटल्यासारखा पुन्हा म्हणाला, "कायच न्हाय लागलं."

माणसं आता आपणहून उतरली होती. हरेश्वरने कपाळाला हात लावून "माफ करा हो, माफ करा" म्हटलं आणि त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. पण पोर बोलतंय, शुद्धीवर आहे, दुखत नाही म्हणतंय, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुन्हा घोषणा सुरू झाली. लोक गाडीच्या पुढेमागे चालू लागले. कोंडीरामने उरलेला रस्ता पायी चालणाऱ्या माणसाच्या मागे राहील इतक्या हळू काढला.

चाळीच्या दारात त्यांनी शामरावाला फळीसकट उचललं आणि जिन्याच्या तोंडाशी टेकवलं. बकुळा, त्याची थोरली बहीण, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. मरणाच्या दारातून आलेल्याला तसंच घरात घेत नाहीत. तिने भाकरीचा तुकडा भावाच्या तोंडावरून उतरवून लांब टाकला. मग चादर गुडघ्यापर्यंत सारून दोन्ही पावलांवर तांब्या रिता केला. पाणी माठातलं, गार. फळीवरून ओघळून ते कोंडीरामच्या चपलेत शिरलं.

गार पाण्याने तो शहारेल, याची सगळे वाट बघत होते. शामरावही मान वळवून बहिणीकडे हसत बघत होता. त्याला तिचा तांब्या दिसत नव्हता, मधे कौसल्या उभी होती.

"घाल की गं लौकर," तो म्हणाला. "कवाधरनं पाय पुढं करून पडलोय."