घागरीवरचं रेशीम

"अळ्या काय तुह्या वर्गातल्या पोट्ट्या हायेत, तू सांगशीन तशा नाचाले?" माय म्हणाली.

संस्कृतीनं मान ताठ केली. दहावीत गेल्यापासून ती मान जरा जास्तच ताठ राहायला लागली होती. "नाचायचं नाई त्याइनं, विनायचं. मी फक्त जागा देनार. चित्र आमचं दोघांचं!"

"दोघांचं! वा वं वा!"

इंझोरीच्या शिवारात त्यांची तुती होती आणि घरामागच्या शेडात रेशमाच्या अळ्या. शेड म्हणजे मायचं राज्य. तिथं चप्पल बाहेर, पावडर-अत्तर बाहेर, केसांना वासाचं तेल लावलेलं माणूससुद्धा बाहेर. वारा शेडाकडे वाहत असला की घरात मिरचीची फोडणीही पडायची नाही. अळीला वास सोसत नाही. अशा या राज्यातून संस्कृतीनं हट्ट करकरून एक ताट अळ्या मिळवल्या होत्या, आणि त्याही पिकलेल्या. पिकलेली अळी म्हणजे पाला खायचं सोडलेली, उजेड अंगातून आरपार जाईल अशी पिवळसर झालेली, कोष बांधायला कोपरा हुडकत डोकं वर करून फिरणारी. बाकीच्या सगळ्या नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या जाळीत, चंद्रिकेत गेल्या.

मायची अट एकच होती. "एक जरी अळी वाया गेली, तं शेडात पाय ठेवायचा नाई. कईच."

संस्कृतीचा बेत सोपा होता, निदान तिच्या डोक्यात तरी. कुठं कुठं कलावंत मधमाश्यांना, कोळ्यांना सोबत घेऊन मूर्ती घडवतात, हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिला झोप म्हणून नव्हती. अळीला कोपरा मिळाला तर ती कोष बांधते. मिळालाच नाही तर? मग धागा जिथल्या तिथंच पसरत जाणार. आणि उपड्या मडक्याला कुठून आलाय कोपरा! मडकं रेशमानं मढलं की ते रेशीम अलगद उतरवून घ्यायचं. माती नसलेलं मडकं. नुसता आकार! या विचारानंच तिच्या अंगावर काटा यायचा.

ओसरीत तिनं मडकं उपडं घातलं आणि अळ्या एकेक करून त्यावर सोडल्या. त्या निघाल्या, पण खाली. मडकं तापलंय की काय, अशा घाईनं. एक भिंतीला लागली, एक खाटेच्या पायाकडे गेली. खाटेवर आबा, म्हणजे तिचे आजोबा, मायचे सासरे मारोतराव, बसले होते. त्यांनी पाय खाली सोडला आणि तसाच वर घेतला.

"वं पोरी, माह्या चपलीत कोन घर बांधून राह्यलं?"

माय वाकली. तिनं मडक्याला नाक लावलं. "हे काय फासलं तू याले?"

संस्कृतीच्या तोंडचं पाणी पळालं. मेंदी! मावशीच्या लग्नातला कोन उरला होता. रेघ दिसली तर अळ्या तिच्यावरून विणत जातील, असं वाटून तिनं मडक्यावर झोकात स्वतःचं नाव काढलं होतं. वरच्या वेलांटीला फुलंसुद्धा. मेंदीत निलगिरीचं तेल असतं, हे तिला ठाऊक होतं. ज्या घरात वाऱ्याची दिशा पाहून फोडणी पडते, त्या घरातल्या पोरीनं हे करावं!

"चित्र दोघांचं होतं नं?" माय म्हणाली. "मंग नाव एकटीचंच काहून?"

माय खाली बसून अळ्या ताटात गोळा करायला लागली. आता त्या चंद्रिकेत जाणार.

"माय, थांब नं. वास नसलेलं मडकं आनतो मी."

"कुठून?"

"आखाजीची घागर घे," खाटेवरून आबा म्हणाले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं भरलेली घागर कोनाड्यात होती. तिला ना तेलाचा हात लागला होता, ना चुलीचा धूर. मायचा हात थबकला. "मामाजी, ते तं तुमच्या बापाच्या नावाची हाये."

"माहा बाप पानी पिऊन गेला. आता रिकामीच हाये, बसू दे त्याइले."

मग मायनंच ती उतरवली, कोरड्या फडक्यानं पुसली आणि उपडी घातली. संस्कृतीनं श्वास रोखून पहिली अळी ठेवली. मग दुसरी. मग सगळ्या.

आधी त्या मुतल्या. "घागर भरून राह्यल्या," आबा म्हणाले. आणि मग एका अळीनं डोकं उचललं, डावीकडे नेलं, वळवून उजवीकडे आणलं. इंग्रजी आठ! पुन्हा आठ. तोंडातून दिसेल न दिसेल असा एक धागा, आणि त्या आठावर आठ, आठावर आठ.

दुसऱ्या दिवशी घागरीची लाल माती धुरकट झाली. तिसऱ्या दिवशी ती दिसेनाशी झाली. एकीचा धागा दुसरीच्या धाग्यावरून जात होता. कुठं भोक नाही, कुठं गाठ नाही, आणि कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही. संस्कृतीला काम एकच उरलं, उतरलेली अळी उचलून परत वर ठेवायची. वर्गात सर ओरडले तरी जिची बडबड थांबत नसे, ती पोरगी तासन्‌तास गप्प बसली होती. अळ्या आखूड होत चालल्या होत्या. अंगात होतं नव्हतं ते सगळं काढून बाहेर मांडत होत्या.

माय येता-जाता थांबायची. मग नुसतीच थांबायला लागली.

"इतकी वर्षं अळ्या पोसून राह्यलो," ती हळूच म्हणाली, "पन हे कई पाह्यलं नाई. कोषात गेली की दार लावून घेते नं ते. मंग कोष जाते बाजारात."

पाचव्या दिवशी शाळेला निघताना संस्कृतीला घागरीच्या बुडाशी एक अळी दिसली. आखडलेली, सुरकुतलेली. तिनं बोट लावलं. हालचाल नाही.

"माय." तिनं हाक मारली. "एक गेली."

माय आली आणि गुडघ्यावर बसली. शेडाचं दार आता कायमचं बंद, हे संस्कृतीला दिसतच होतं. तेवढ्यात अळीच्या डोक्यामागची कातडी चिरली. आतून काहीतरी लोण्यासारखं मऊ पुढं सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं, आणि जुनी कातडी मोज्यासारखी मागं गोळा होत गेली. आत अळी नव्हतीच. पाय नव्हते, तोंड नव्हतं. तिथं दुसरंच कुणीतरी होतं, आणि त्याच्या पाठीवर मिटलेल्या पंखांच्या खुणा होत्या.

मायनं पदर तोंडाला लावला. "बाळंत होऊन राह्यली वं," ती कुजबुजली. "पन सोतालेच."

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. संस्कृतीनं दप्तराकडे पाहिलं, मग घागरीकडे. वर आणखी एकीची कातडी थरथरत होती.

"सरक जरा," माय म्हणाली. "मले दिसून नाई राह्यलं."

संस्कृती सरकली. बस निघून गेली, आणि दोघींतलं कुणीच उठलं नाही.